पत्र्याच्या खोलीतला पंखा

नोकरीत शेकडो पंचनामे केले, त्यातले बहुतेक आता एकमेकांत मिसळून गेलेत. हे एक प्रकरण मात्र वेगळंच राहिलं. त्यात दरोडा नव्हता, खून नव्हता. पोकलेन मशीन विजेच्या तारेला लागलं आणि खाली उभा असलेला मुकादम गेला. कागदावर एवढंच आहे. नावं कोणाचीच लिहीत नाही, कारण मयताच्या घरचे अजून त्याच भागात राहतात.

तेव्हा मी शहराबाहेर, फुलंब्रीकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. उन्हाळा होता. दुपारी बाराच्या आसपास ठाणे अंमलदारानं फोन घेतला आणि स्टेशन डायरी ओढता ओढताच मला हाक मारली. पलीकडं एका गावचा पोलीस पाटील होता.

"सायेब, मशीनवाल्यानं माणूस मारला. लवकर या, लोक त्याला सोडायला तयार नायत."

शेततळ्याचं खोदकाम चालू होतं. मशीनचा लांब हात वर आभाळात तसाच राहिलेला, त्याच्या टोकाशी तार काळवंडलेली. खाली साखळीच्या पट्ट्याला लागून मुकादम पडला होता. मशीन चालवणाऱ्याला वरून न दिसणारी बाजू खालून बघून हातानं खुणा करायच्या, हे त्याचं काम. उभं राहून पाय दुखले की एक हात मशीनला टेकून दुसऱ्यानं खुणा करायची त्याची सवय होती. तीच सवय नडली.

ऑपरेटरला लोकांनी मशीनवरून ओढून बांधावर धरून ठेवला होता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, मूळचा धनगर घरातला, मेंढरं सोडून मशीनवर आलेला. शर्ट फाटलेला, ओठ फुटलेला.

"हा वर खुर्चीत बसून ऱ्हायला सायेब! खाली माणूस मेला आन ह्यो बसून बघत व्हता!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

ऑपरेटर एकच वाक्य बोलत होता, "उतरता येत नव्हतं."

मला ते निबरपणाचं वाटलं. त्याला जीपमध्ये बसवलं आणि मी प्रेताकडं निघालो. तेवढ्यात वायरमन मोटारसायकल टाकून पळत आला आणि माझ्या दंडाला धरून मागं ओढलं. ठाण्याच्या प्रभाऱ्याला असं धरायची हिंमत गावात दुसऱ्या कोणाची नव्हती.

"थांबा सायेब! लाइन गेली म्हंजी मेली आसं नसतं. वरून कधी पण परत चालू करून बघतात."

त्यानं उपकेंद्राला फोन करून लाइन बंद करवली, मग लांब काठीनं तारा जमिनीशी जोडल्या आणि तेव्हाच आम्हाला पुढं जाऊ दिलं. मी ऑपरेटरचं विचारलं. तो म्हणाला, "त्यानं बरोबर केलं. मशीन तारंला लागलेलं आसताना एक पाय जमिनीवर न एक हात मशीनला, आसा उतरला आसता तर तुमाला दोन पंचनामे करावे लागले आसते."

हे मी डायरीत लिहिलं. पण गावाला ते कोण समजावणार? आधी अकस्मात मृत्यूची नोंद झाली, मग मयताच्या भावाच्या फिर्यादीवरून निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचा, तीनशे चार अ चा, गुन्हा. आरोपी ऑपरेटर.

संध्याकाळी कंत्राटदार आला. इस्त्रीचे कपडे, वागणं नम्र.

"साहेब, मी तर शहरात होतो. त्याला बजावून सांगितलं होतं, वायरमन लाइन बंद करून देत नाही तोवर मशीनला हात लावायचा नाही. ऐकलं नाही. आजकालची पोरं, काय करता!"

ऑपरेटरचं म्हणणं उलटं. "मालक व्हते. मालकानंच हिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर दाबून बघितला आन वरडले, मेली लाइन, कर चालू."

दोघांत एक खोटा होता. तिसरा साक्षीदार मुकादम, आणि तो शवागारात. शेतमालक त्या दिवशी लासूर स्टेशनला लग्नाला गेलेला.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या शेताच्या एका बाजूनं मोटारींची लाइन जाते, तिला त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. म्हणून दिवसा स्टार्टर दाबला तर मोटार गप्प. शेतकरी म्हणतो, लाइट नाही. पण तळ्यावरून गेलेली मोठी तार गावाची. ती वेगळी लाइन, दिवसभर चालू; रस्त्याकडेच्या बारक्या तारांनाही वीज तिच्यावरूनच. खांब सारखे, तारा सारख्या, खालून बघणाऱ्याला काही फरक दिसत नाही. मोटारीच्या पेटीवरून लाइट आहे का नाही ते ठरवायची आपल्या भागात सगळ्यांना सवय. त्या सवयीनं आधीही माणसं गेली होती, पण तशा मरणाची चौकशी खोलात जाऊन कोणी करत नाही.

दोन दिवस ऑपरेटरला विचारत होतो. सगळं सांगायचा, पुन्हा विचारलं तरी तसंच सांगायचा. खरं बोलणाऱ्याची ती एक खूण असते. फक्त एका ठिकाणी अडायचा. मशीनपासून हाकेच्या अंतरावर, रस्त्याच्या कडेला कंत्राटदारानं पत्र्याची खोली दिली होती. तिथं त्याची बायको आणि सात-आठ महिन्यांचं लेकरू.

"बायकोनं मालकाला बघितलं का?"

तो जमिनीकडं बघायचा. "तिला काय म्हाईत नाय. तिला यात घेऊ नका सायेब."

तिसऱ्या दिवशी पोलीस पाटील ठाण्यात चहाला थांबला. कप बशीत ठेवत म्हणाला, "त्या खोलीतली बाई दार उघडंना. माझी मंडळी भाकर द्यायला गेली तर आतून कडी. लेकरू आत रडतंय. नवरा आत गेला म्हणून रडणारी बाई दार उघडून रडती, सायेब. ही लपून रडायलीय."

मी महिला शिपायाला आणि जबाब लिहिणाऱ्या रायटरला घेऊन निघालो.

दार उघडायला वेळ लागला. बावीस वर्षांची असेल नसेल. खोलीत पाऊल टाकलं तर चुलीत शिरल्यासारखं झालं. लेकरू साडीच्या झोळीत, अंगावर ओलं फडकं, मान आणि पाठ घामोळ्यांनी लाल. ती सारखं आमच्या आणि कोपऱ्याच्या मधे उभी राहत होती. कोपऱ्यात चादर टाकलेलं काहीतरी होतं. महिला शिपायानं चादर उचलली. टेबलफॅन.

मी छताकडं बघितलं, दाराबाहेर जाऊन भिंत बघितली. मीटर नाही.

"हा पंखा कशावर चालतो?"

ती खाली बसली.

रायटरनं सवयीप्रमाणं सुरुवात केली, "मी वरील ठिकाणी राहण्यास असून घरकाम करून..." मी त्याला थांबवलं. ती बोलते तसं लिही म्हटलं. तो वैतागला, कारण ती श्वास घ्यायलाही थांबत नव्हती. पण त्यामुळं ते बोलणं राहिलं. माझ्या आठवणीत ते असं आहे:

"मारू नका सायेब, म्या सांगते, सगळं सांगते. व्हय, पंखा आकड्यावर हाय. आमच्या ह्यायनी टाकला रोडच्या तारंवर. म्याच मागं लागले व्हते, पत्रा लई तापतो, लेकरू रातभर रडतंय, काय तरी करा मनून. वायरमन दिसला की काडीनं काढायचं, गेला की लावायचं. म्या पाचवीपस्तोर शिकले सायेब, चोरी हाय ते कळतं मला.

पन मागल्या महिन्यात धाड आल्ती ना गावात, आकडे धरायला? तुमचीच गाडी व्हती, तुमी पुढं बसलेले व्हते. त्या वेशीजवळच्या बाईला लेकरासगट गाडीत घातलं. ती पाया पडायली, सगळं गाव बघायलं. म्या पार घाबरले. त्याच दिशी मालक मनले, माझ्या खोलीवर आकडा घावला तर तुमचं बोचकं रस्त्यावर. मग कुठं जायचं सायेब? माघारी जावं तर मेंढरं पन इकलेत सासऱ्यानं.

त्या दिशी लेकरू नुकतंच झोपलं व्हतं. पंखा चालू. मालकाची गाडी आली, आवाज वळखू येतो मला. फटीतून बघितलं तर मालक न मुकादम मामा मोटारीच्या पेटीकडं गेले. पेटी दाबली, मोटार नाय बोलली. मुकादम मामा मनले, मालक, मोटारीला लाइट नाय, पन ही वरची तार गावाची हाय, हिचं काय? मालक मनले, थांब, इचारतो. आन ते सरळ माझ्या दाराकडं यायले.

म्या पळतच पंखा बंद केला, वरून चादर टाकली. पाती आजून फिरायली व्हती, चादरच गुंडाळायली त्यात. मालक भाईरून मनले, वैनी, लाइट हाय का वो घरात? म्या मनले, नाय. ते मनले, बघून सांगा. म्या मनले, नाय वो मालक, आमाला कुठलं मीटर न कुठली लाइट. तर हासले. मनले, मीटरचं कोण इचारतंय वैनी, लाइट हाय का तेवढं सांगा. म्या मनले, नाय म्हंजी नाय.

त्यायला म्हाईत व्हतं सायेब! आकडा हाय हे त्यायला म्हाईत व्हतं, त्या आकड्यावरच त्यायला लाइट बघायची व्हती. मला हे आत्ता कळतंय, तीन दिस झाले तवा कळतंय. तवा मला वाटलं, गोड बोलून धरायलेत.

मग तिकडून वरडले, मेली लाइन, कर रे चालू. मशीन चालू झालं. त्या आवाजानं लेकरू उठलं, रडाया लागलं. म्या मनले, गेले आता, न पंखा लावला. फिरला पंखा. लेकरू गप झालं. खोटं नाय सांगत, मनात आलं माझ्या, का हे लाइटचं कामून इचारत व्हते? पन ती वरची तार केवढी मोठी, आमची बारकी, तिचा न हिचा काय संबंद आसंल? कुनाला इचारू? लेकरू कडंवर घेऊन दारापस्तोर गेले. मग वाटलं, आता सांगितलं तर मनतील, मघाशी खोटं कामून बोललीस? माघारी फिरले.

आन पंखा थांबला. एकदम. म्या मनले, आली धाड. लाइट तोडली. काडी घेऊन मागून पळाले, आकडा पाडला, वायर गुंडाळून पिठाच्या डब्यामागं कोंबली. भाईर लोक वरडायले, मला वाटलं धाडीचंच वरडायले. दार लावून बसले. मामा तिकडं पडलेले आन म्या हितं वायर लपवायले सायेब!

मामा जाता-येता लेकराला हाक द्यायचे. काय पाटील, दात आला का, मनायचे. म्याच मारलं ना त्यायला? ह्यायनला सोडा. ह्यायनला म्हाईतच नव्हतं म्या काय सांगितलं ते. मला न्या. पन लेकरू आंगावर पितं, त्याला संगं घेऊ द्याल का?"

महिला शिपाई तिच्याशेजारी बसली. "बस गं माय, पाणी पी. कोण नेत नाय तुला." रायटरनं पेन खाली ठेवलं होतं. मी बाहेर जाऊन रोडच्या तारांकडं बघत उभा राहिलो. आत उभं राहवत नव्हतं.

उपकेंद्राच्या नोंदवहीत गावाची लाइन आपोआप बंद पडल्याची वेळ होती. ऑपरेटर, वायरमन आणि ही बाई, तिघांच्या सांगण्याशी ती जुळत होती. पण कंत्राटदार जागेवर होता हे सांगणारी आरोपीची बायको. कोर्टात ती एका वाक्यात उडाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंत्राटदाराला बोलावलं. तो खुर्चीत रेलून बसला. मी चहा मागवला, पाण्याच्या पाळीच्या गप्पा मारल्या. मग कागद चाळत म्हणालो, "त्या खोलीतल्या बाईचा जबाब झाला. ती म्हणते, त्या वेळी तिच्या घरात लाइट चालू होती."

तो ताडकन पुढं झाला. "खोटं बोलती ती! मी सोता दारात उभा राहून विचारलं तिला, दोनदा विचारलं, तर म्हणली नाय!"

रायटर लिहीत होता, तेवढाच आवाज. कंत्राटदारानं त्या कागदाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"शहरातून विचारलं का?" मी म्हणालो.

त्यानं पाणी मागितलं. पुढच्या तासाभरात सगळं आलं. वायरमनला बोलवायचं तर अर्ज द्या, वाट बघा, मशीनचा दिवस वाया. म्हणून त्यानं पेटी दाबून बघितली. गावाची लाइन वेगळी, हे त्याला अर्धवट माहीत होतं. म्हणून खोलीत विचारलं. "मी काळजी घेतली होती साहेब," हे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला, आणि मला वाटतं त्याचा त्यावर विश्वासही होता. तो मारायला आलेला माणूस नव्हता. तार जिवंत आहे का मेलेली, हे त्यानं पेटीला विचारलं, एका घाबरलेल्या बाईला विचारलं. ज्याला विचारायचं त्याला तेवढं विचारलं नाही. वायरमन लाइन बंद करून, तारा जमिनीशी जोडून, समोर उभा राहून सांगत नाही तोवर तार जिवंतच. हे नंतर मी हद्दीतल्या प्रत्येक मशीनवाल्याला सांगत फिरलो.

दोषारोपपत्रात कंत्राटदार पहिला आरोपी झाला. ऑपरेटरचं नाव मला काढता आलं नाही. डोक्यावर तार दिसत असताना मशीनचा हात त्यानंच वर नेला होता. पण कोणाच्या सांगण्यावरून, ते आता कागदावर होतं. तो जामिनावर सुटला. आकड्याचं प्रकरण वीज कंपनीनं दंड घेऊन मिटवलं.

खटल्यापूर्वी सरकारी वकील मला म्हणाले, "त्या बाईचं 'नाय' वगळता आलं तर बघा. केस सरळ जाईल. तिलाही कमी त्रास." वगळता येत नव्हतं, त्या एका शब्दावरच तर कंत्राटदार जागेवर सापडला होता. मी तिला विचारायला गेलो. मयताची बायको कोर्टात समोर बसलेली असेल, हेही सांगितलं. तिनं लेकराच्या अंगावरचा सदरा नीट केला. मग म्हणाली, "एकदा नाय मनून बघितलं ना सायेब."

कोर्टात ती साक्षीला उभी राहिली. बचावाच्या वकिलांनी तिला चोर म्हटलं, खोटारडी म्हटलं. आकडा होता का? व्हय. मालकाला खोटं सांगितलं का? व्हय. प्रत्येक "व्हय" स्पष्ट. मयताची बायको पदर तोंडाशी धरून ऐकत होती. त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत, आणि तशी अपेक्षा करणंही बरोबर नव्हतं. कंत्राटदाराला शिक्षा लागली, ऑपरेटर संशयाचा फायदा मिळून सुटला.

तपासात माणूस खोटं बोलला की आपण धरून चालतो, हा गुन्हा लपवतोय. या प्रकरणानंतर मी तसं धरून चालणं सोडलं. माणूस बरेचदा गुन्ह्याच्या शेजारची, स्वतःची एखादी छोटी चूक लपवत असतो, आणि त्या छोट्या चुकीपायी मोठी गोष्ट झाकली जाते. ऑपरेटर कशाला अडत होता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्यालाही आकडाच लपवायचा होता. आणि ही भीती त्या घरात आली कुठून, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. धाडीच्या दिवशी मी जीपमध्ये पुढं बसलो होतो. मला ते काम किरकोळ वाटलं होतं. मी खाली उतरलोही नव्हतो.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर ती भेटली. नवरा लेकराला घेऊन रिक्षा बघायला गेला होता. तिनं आधी वाकून नमस्कार केला, मग तशीच उभी राहिली.

"सायेब, एक इचारू? राग नाय ना येनार?"

"विचार."

"समजा, त्या दिशी म्या मालकाला व्हय मनले आसते. मामा वाचले आसते. मग मालकानं तुमाला आकड्याचं सांगितलं आसतं, तर तुमी मला धरलं आसतं का?"

आजूबाजूला वकील, पक्षकार, पुकारा चालू. मला 'नाही' म्हणता आलं असतं. तिला बरं वाटलं असतं, मलाही.

"हो," मी म्हणालो. "धरलं असतं."

तिनं मान हलवली. माझा राग नव्हता तिला, हे मला तेव्हाही दिसलं. "मला तसंच वाटलं व्हतं," ती म्हणाली, आणि पदर सारखा करून रिक्षाकडं गेली.